मोटारीच्या पायातले तोडे

चतुराबाईने आपल्या भासऱ्याच्या तोंडावर उच्चारलेला पहिला शब्द ‘नाही’ हा होता.

लग्न होऊन ती शेलूबाजारात आली त्याला तोवर बरीच वर्षं झाली होती. पण या थोरल्या दिरासमोर, जानरावांसमोर, तिने कधी डोईवरचा पदर ढळू दिला नव्हता की आवाज ऐकू दिला नव्हता. काही सांगायचंच झालं तर सासूच्या, म्हणजे आवडाबाईच्या आडून. “आत्याबाई, त्यायले म्हणा, जेवाले बसा.” जानराव तिथेच ओट्यावर बसलेले असत, त्यांना सगळं ऐकू जाई. तरी आवडाबाई तेच वाक्य पुन्हा म्हणायची आणि मगच ते उठायचे. थोरल्या दिराशी असंच वागायची आमच्या भागाची रीत होती.

ही रीत मोडली एका लॉरीपायी.

चतुराबाई अनसिंग गावच्या माळ्याची लेक. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, यांच्यातच वाढलेली. लग्नाआधीच तिने वाशीमच्या बाजारात एका दलालाशी भांडण केलं होतं. तो मापाच्या वेळी तराजूखाली हळूच गुडघा लावायचा. हिने सगळ्यांसमोर वाकून त्याचा गुडघा हाताने बाजूला सारला आणि म्हणाली, “आता तोला.” हे ऐकूनच चंपतने तिला मागणी घातली असं लोक सांगत. चंपत जानरावांचा धाकटा भाऊ, मोठा हौशी माणूस. शेलूबाजारच्या आणि किन्हीराजाच्या मळ्यांतली भाजी बैलगाडीने वाशीमला पोचेपर्यंत अर्धी मान टाकते, हे त्याला बघवत नसे. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी त्याने एक जुनी लॉरी घेतली. मागे टोपल्यांसाठी लाकडी टप, समोर पितळी दिवे, भोंगा वाजला की गावातली कुत्री भुंकत सुटायची. चालवायला लालसिंग होता. किन्हीराजाचा हा रजपूत एका रस्त्याच्या ठेकेदाराकडे मोटार शिकलेला. बोलायला कमी, पण हात पक्का.

लढाई संपली त्याच वर्षी मुदतीच्या तापाने चंपत गेला.

तेराव्याचे पाहुणे परतले नाहीत तोच मोटार विकायची गोष्ट निघाली. चतुराबाई स्वयंपाकघराच्या दाराआडून म्हणाली, “आत्याबाई, त्यायले सांगा, मोटार चालन.” आणि ती चालली. सकाळी टोपल्या चढल्या की चतुराबाई लालसिंगच्या शेजारच्या फळीवर बसायची. कपाळ रिकामं, हात रिकामे, आणि नजर सरळ समोरच्या रस्त्यावर. विधवा बाई परक्या माणसाशेजारी मोटारीत बसते म्हणून लोकांनी तोंडं वाकडी केली. कोणी ‘पांढऱ्या पायाची’ म्हणालं. ती म्हणायची, “रस्त्याच्या धुळीनं समद्यायचेच पाय पांढरे होतेत.” पण भाजी वाशीमला ताजी पोचत होती, त्यामुळे मळेवाले टोपल्या तिच्याच मोटारीत टाकत.

खरी अडचण होती ती चाकांची. लढाईच्या वर्षांत टायर मिळणं म्हणजे देव भेटणं. लालसिंगने जुन्या टायरांना चामड्याचे तुकडे लावून, आतून ठिगळं मारून दिवस काढले होते. पण आता लोखंडी चाकांनाच तडे गेले होते. भरली मोटार उतारावर असताना एखादं चाक फुटलं तर टोपल्यांबरोबर माणसंही नाल्यात जातील, हे लालसिंगने स्पष्ट सांगितलं.

लढाई संपल्यावर पलटणीचं उरलेलं सामान लिलावात निघू लागलं होतं. दोघं अकोल्याला गेली आणि पलटणीची चाकं घेऊन आली. मजबूत, जाड, हिरव्या रंगाची. वर कोरे करकरीत टायर. अंगणात मोटार जॅकवर चढवून लालसिंगने चारही चाकं बसवली तेव्हा शेजारपाजारचे लोक बघायला जमले. रबराचा तो नवा वास सगळ्या गल्लीत पसरला होता. आवडाबाईने नारळ फोडला. जानराव ओट्यावरून बघत होते, पण खाली उतरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मोटार निघाली. किन्हीराजापर्यंत रस्ता वळणाचा, खड्ड्यांचा, त्यामुळे गाडी हळूच होती आणि काही कळलं नाही. किन्हीराजाच्या टोपल्या चढल्या. पुढे सपाट रस्ता लागला आणि लालसिंगने मोटार पळवली. तेव्हा स्टिअरिंग थरथरायला लागलं. आधी बारीक, मग जोरात. लालसिंगचे दोन्ही हात कोपरापर्यंत हलू लागले. समोरची काच खडखडली. वेग कमी केला की थरथर थांबायची, वाढवला की पुन्हा यायची.

लालसिंगने मोटार बाजूला घेतली. “वहिनी, काहीतरी बिघडलं हाय.”

“काय?”

“थे मले कळलं असतं त थांबलो कायले असतो? मी पुन्हा सुरू करतो. तुमी हात ठेवून पाहा.”

मोटार पुन्हा पळू लागल्यावर चतुराबाईने स्टिअरिंगच्या कडेला हात ठेवला. बुजलेला बैल कासऱ्याला हिसके देतो तसे हिसके तिच्या तळव्याला बसले. तिने हात काढला नाही. त्या दिवशी वाशीमपर्यंत मोटार बैलगाडीच्या चालीने गेली. भाजी उतरवली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि अर्ध्या टोपल्यांतली भेदरं, म्हणजे टमाटे, फुटून खालच्या मेथीवर गळली होती.

बातमी त्यांच्या आधी घरी पोचली. टोपलीवाल्यांपैकी कोणीतरी सांगितलं, मोटारीच्या अंगात आलं. दुसऱ्याने त्यात भर घातली, लढाईत मेलेल्या शिपायांच्या गाड्यांची चाकं ती, त्यांच्यावर रक्त सांडलेलं असणार. संध्याकाळी जानराव आवडाबाईला म्हणाले, पण आवाज आतल्या खोलीत पोचेल असा:

“माय, ह्या मोटारीनं आमचा चंपत खाल्ला. आता कोणाले खाईन? बोकड कापा, अन् मोटार इका. कारंज्याचा मोहनसिंग घ्याले तयार हाय.”

आतून चतुराबाई बाहेर आली. दाराआड थांबली नाही. पदर डोक्यावर होता, पण चेहरा उघडा होता. जानरावांकडे बघून म्हणाली, “नाही.”

आवडाबाईच्या हातातली वात तशीच राहिली.

“चंपत तापानं गेला,” चतुराबाई म्हणाली. “मोटार तवा अंगणात उभी होती. तिच्या नावानं बोकड कापणार नाही अन् तिले इकणारही नाही. लोखंडाच्या अंगात येत नसते. त्याले काही झालं असन त थे शोधाले येते.”

“अन् नाही सापडलं त?”

“त पुन्हा शोधीन.”

जानराव उठून गेले. आवडाबाई सुनेवर रागावली, रडली, पण मध्ये पडली नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून तिची एक जबाबदारी कमी झाली होती.

दुसऱ्या दिवशी टोपल्या आल्या नाहीत. मळेवाल्यांनी पुन्हा बैलगाड्या जुंपल्या. लालसिंग मोटारीजवळ उभा होता. तो म्हणाला, “वहिनी, लोक म्हणून राह्यले का लालसिंगचे हात थरथरतेत, दारू पेते. मी थेंबाले शिवत नाही, तुमाले माईत हाय.”

“माईत हाय. मंग दाखवू लोकायले, काय थरथरते थे. कोठून सुरुवात करता?”

लालसिंगने आधी हवा बघितली. चारही टायरांत बरोबर होती. मग मोटारीखाली सरपटत जाऊन स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे हलवून पाहिले, एक ढिला वाटला तो आवळला. दोघं रिकामी मोटार घेऊन सपाट रस्त्यावर गेली. थरथर तशीच. मग त्याने टायरांत कुठे फुगवटा आहे का ते चाचपलं. काही नाही. त्याने एकाच वेळी दोन-तीन गोष्टी बदलायला घेतल्या तेव्हा चतुराबाईने त्याचा हात धरला.

“असं नका करू. एका वेळी एकच बदला. नाहीतं बरं झालं तरी कळनार नाही का कायनं झालं.”

हे तिचं मळ्यातलं शहाणपण होतं. वांग्याला कीड लागली आणि राख, पाणी, धुरी सगळं एकदम केलं, तर पुढच्या वर्षी काय करायचं ते कळत नाही.

मग पुढची जुनी, तडा गेलेली चाकं परत लावली. भार न घेता, जपून. मोटार सपाटीवर पळाली आणि स्टिअरिंग गाईसारखं शांत राहिलं. लालसिंग हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

“म्हणजे मोटार चांगली हाय, माहे हात चांगले हायेत. जे हाय थे नव्या चाकांत.”

“का नव्या टायरांत,” चतुराबाई म्हणाली.

तेही करून बघितलं. नवे टायर काढून जुन्या लोखंडी चाकांवर चढवले. अंगणात दोघांचा घाम निघाला. टायर उतरवताना पाना निसटून लालसिंगचं बोट चेचलं. पण मोटार शांत चालली. टायर निर्दोष. म्हणजे दोष पलटणीच्या त्या हिरव्या लोखंडी चाकांचा. ती वाकडी असणार, असं दोघांनी धरलं. पुढच्या दोन्ही चाकांचे टायर काढले होतेच. ती नुसती चाकं गाडीत घालून त्यांनी पुंजाजी लोहाराकडे नेली.

पुंजाजी बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धावा चढवायचा. त्याचं सगळं आयुष्य गोल गोष्टींत गेलं होतं. त्याने एक चाक आडवं मांडलं, दोरी धरून मधल्या भोकापासून कडेपर्यंत चहूकडून मापलं, फिरवलं, पुन्हा मापलं. मग दुसरं. मग मान वर करून म्हणाला, “बाई, हे चाकं माह्या भट्टीतल्या चाकांपेक्षा गोल हायेत. यायच्यात दोष नाही.”

चतुराबाई तिथल्या दगडावर खालीच बसली. मोटार चांगली, टायर चांगले, चाकं गोल. तिन्ही वेगवेगळी बरी, आणि एकत्र आली की वेडी. घरी आली तेव्हा ओट्यावर मोहनसिंग बसलेला होता. जानरावांनी त्याला बोलावून घेतलं होतं. जाड मिशांचा, गोड बोलणारा माणूस. तो म्हणाला, “बाई, बिघडलेली मोटार हाय. तरी मी घेऊन जातो, तुमची कटकट जाईन.”

“माही कटकट हाय,” ती म्हणाली. “तुमी कायले वाहून नेता?”

मोहनसिंग त्या दिवशी पाहुणचार घेऊन तिथेच थांबला. सकाळी तिचं मन बदलेल असं जानरावांनी त्याला सांगितलं होतं.

पुढे काय झालं हे मी दोघांच्याही तोंडून ऐकलं आहे, आणि दोघांचं सांगणं एक नाही. चतुराबाई म्हणायची, दुसऱ्या दिवशी पहाटे ती रागाने ज्वारी दळत होती. जात्याचा मधला खुंटा झिजून बारीक झालेला, त्यामुळे वरचा दगड एका बाजूला सरकून गचके देत होता. तिने नेहमीसारखी खुंट्याला चिंधी गुंडाळली आणि जातं सरळ फिरलं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. लालसिंग म्हणायचा, छे, ती दळत असताना तो अंगणात नव्या चाकावर टायर चढवून, ते परत लावून, जॅकवर फिरवून बघत होता. चाक फिरताना एक काडी त्याने टायरजवळ धरली होती. ती एका बाजूला घासत होती, दुसऱ्या बाजूला मोकळी सुटत होती. मग त्याने मधल्या भोकात बोट फिरवलं. चाक ज्या गोल गाभ्यावर चढतं त्याला हब म्हणतात. हब आणि भोक यांच्यामध्ये एका बाजूला त्याचं नख आत गेलं, समोरच्या बाजूला गेलं नाही. मला वाटतं दोघंही खरं सांगत होती. आतून ती धावत बाहेर आली आणि बाहेरून तो हाक मारत आत निघाला, एवढं आवडाबाईने पाहिलं होतं.

जुन्या चाकांचं भोक हबवर घट्ट बसायचं. पलटणीच्या चाकांचं भोक जरासं मोठं होतं. नट आवळताना चाक स्वतःच्या वजनाने जिथे लटकलं असेल तिथेच ते बसत होतं, मधोमध बसतच नव्हतं. गोल चाक, पण फिरायचं ते बाजूच्या बिंदूभोवती. हळू असताना कळत नसे. पळवलं की तो बाजूला सरकलेला भार प्रत्येक फेरीला स्टिअरिंगला हिसका द्यायचा.

“पुंजाजीले सांगा, कडं करा,” चतुराबाई म्हणाली. “हबवर चढन अन् भोकात बसन असं.”

पुंजाजीने पुढच्या एकेका चाकासाठी लोखंडाची पट्टी तापवून वाकवून कडं केलं. पहिल्या खेपेला ते ढिलं झालं. ते बसवून सपाटीवर गेले तर थरथर कमी झाली होती, पण गेली नव्हती. दुसऱ्या वेळी त्याने कडं इतकं घट्ट केलं की लाकडी मोगरीने ठोकून बसवावं लागलं. नटही लालसिंगने एका ओळीने आवळले नाहीत. आधी एक, मग त्याच्या समोरचा, असं थोडं थोडं करत सगळे सारखे आवळले.

गल्लीत लोक जमले होते. कोणीतरी हसत म्हणालं, “पाहा वं बाप्पा, मोटारीच्या पायात तोडे घालून राह्यली. सोताच्या हातात बांगडी नाही.”

चतुराबाईने वळून बघितलं. “माह्या हातातल्या तुमी फोडल्या,” ती म्हणाली. “हिच्या पायातले फोडून दाखवा.”

हसणारा गर्दीत मागे सरकला.

टोपल्या कोणी दिल्या नाहीत, म्हणून तिने आपल्याच मळ्यातली वांगी आणि सांबाराच्या जुड्या चढवल्या. मोहनसिंग मोटार न्यायच्या तयारीने अंगणात उभा होता. जानराव त्याच्याशेजारी. चतुराबाई त्यांच्यापुढे जाऊन म्हणाली, “चला बसा. सोता स्टेरिंगवर हात ठेवून पाहा. थरथरली त मोहनसिंगभाऊ घेऊन जातीन.”

“मी नाही बसत त्या मोटारीत,” जानराव म्हणाले.

“मी बसतो ना,” मोहनसिंग म्हणाला आणि खरंच चढला. आणि त्याच्यामागून, कोणी न सांगता, कासोटा खोचत आवडाबाई टपात चढली. टोपल्यांमध्ये बैठक मारून मुलाकडे बघत म्हणाली, “एक डाव पाहू दे बाप्पा मलेही. आजवर नुसते निरोपच पोचवले.”

किन्हीराजा मागे पडलं. सपाट रस्ता आला. लालसिंगने वेग वाढवला. काच खडखडली नाही. त्याने आणखी वाढवला. बाजूची बाभळीची झाडं मागे पळू लागली, मागून आवडाबाईचं “अगं माय, अगं माय” ऐकू येत होतं, पण ते भीतीचं नव्हतं. मोहनसिंगने हात पुढे करून स्टिअरिंगवर ठेवला आणि बराच वेळ ठेवून धरला. मग मान डोलावली. तो व्यापारी माणूस होता, पण खोटं बोलला नाही. “बाई,” तो म्हणाला, “आता म्या मांगितली त तुमी देणार नाही.”

“तवाही देणार नव्हती,” चतुराबाई म्हणाली.

अगदी शेवटच्या वेगाला एक बारीक कंप उरलाच होता. मागच्या चाकांना कडी बसवल्यावर तोही बराच गेला. जो राहिला तो रस्त्याचा, असं लालसिंग मरेपर्यंत म्हणत होता.

पुढच्या बाजाराला मळेवाल्यांच्या टोपल्या पहाटेच अंगणात येऊन बसल्या. ज्यांनी मोटारीला भूत म्हटलं होतं तेही त्यात होते, हात बांधून उभे. आवडाबाईला वाटलं सून त्यांना हाकलेल. चतुराबाईने कोणाला हाकललं नाही. पण त्यांच्या टोपल्या सगळ्यांत शेवटी चढवल्या, आणि त्यांना ऊन येईपर्यंत थांबवलं.

जानरावांनी कधी मान्य केलं नाही. मोहनसिंगच्या नजरेने पीडा उतरली, असं ते सांगत फिरले. चतुराबाईने ते ऐकलं आणि सोडून दिलं. मात्र त्यानंतर त्यांच्याशी निरोप पाठवून बोलणं तिने कायमचं बंद केलं. जेवायला बोलवायचं असलं की ओट्यावर येऊन सरळ म्हणायची, “जेवाले चला.” पहिले काही महिने जानराव आवडाबाईच्या तोंडाकडे बघत बसायचे. ती काहीच बोलायची नाही. मग भाकर थंड होऊ लागली की मुकाट्याने उठायचे.

त्या उन्हाळ्यात तूर निघून गेल्यावर वावर मोकळं पडलं. एका सकाळी चतुराबाई लालसिंगला म्हणाली, “आज तुमी बाजूले बसा.” लालसिंग सरकला. तिने पदर कमरेला खोचला, स्टिअरिंग धरलं, आणि मोटार धक्के खात, दोनदा बंद पडत, त्या मोकळ्या वावरातून निघाली. बांधावर उभे राहून लोक ओरडत होते, काहून, कायले, पडशीन. तिने भोंगा दाबला आणि दाबूनच धरला.